चष्मा, लोकल आणि तंबोऱ्याचा खर्ज: कानावरचा वायरलेस हेडफोन निवडताना

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवली ते कुर्ला लोकल, तिथून बीकेसी, येऊन-जाऊन रोज तीन तास. ऑफिसात आणखी तीन-चार तास हेडफोन कानावर, त्यात मीटिंगाही. डोळ्याला चष्मा कायमचा, फोन ॲण्ड्रॉइड. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यगीतं, अधूनमधून हिंदी गाणी. मनात चार नावं: सोनी एक्सएम५, बोस क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा, सेनहायझर मोमेंटम ४ आणि ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स. ‘आवाजाचा क्रम वेगळा आणि आरामाचा क्रम वेगळा लावून द्या,’ असं तुमचं म्हणणं. शिवाय मुलगी गाणं शिकते, तिला रियाजाला हाच चालेल का, हेही विचारलंय.

मी पुण्यात वीस-बावीस वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. बैठकी, बोलकी पुस्तकं, थोडंफार डबिंग. दिवसातले सहा-सात तास डोक्यावर काहीतरी चढवलेलं असतं. तुमच्या यादीतले चारही हेडफोन मी काही ना काही निमित्ताने आठवडा-आठवडा वापरलेत.

दोन वेगळे क्रम मात्र लावून देणार नाही, कारण हे दोन विषय वेगळे नाहीतच. हेडफोन डोक्यावर कसा बसला यावर तो कसा वाजणार ते ठरतं. तुमच्या बाबतीत तर बेस किती ऐकू येईल हे कंपनीच्या आधी तुमचा चष्मा ठरवणार आहे.

कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनची गादी डोक्याला चहूकडून चिकटली की आत हवेची एक बंद खोली तयार होते. खालचे सूर त्या खोलीच्या जिवावर वाजतात. कुठे फट राहिली की दाब तिथून निसटतो. वरच्या सुरांना फारसं काही होत नाही, पण साधारण दोनशे हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला दोनशे कंपनांच्या) खालचं सगळं पातळ होत जातं. फट पाडणारे ठरलेले आहेत: चष्म्याच्या काड्या, कानावरून आलेले केस, मोठी कुडी, आणि जबड्याच्या मागे कानाखाली असतो तो खळगा.

आता तुमच्या गाण्याकडे या. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. डग्ग्याचा घुमारा याच शेजारात राहतो. म्हणजे ख्यालाचा सगळा पाया नेमका तिथे आहे जिथून फट चोरी करते. खर्जाची तार ऐकू येत नाही असं होत नाही. तिचे वरचे स्वर येतातच, त्यामुळे कान फसतो. पण तिचं वजन जातं आणि जवारीची, म्हणजे तारेच्या वरच्या गुंजनाची, नुसती झिणझिण उरते. मग माणूस म्हणतो, ‘या कंपनीचा आवाज फार कोरडा.’ दोष असतो काडीचा.

तपासायला काही लागत नाही. फोनवर तंबोऱ्याचं कुठलंही ॲप लावा, काळी एकवर. चष्म्यासकट हेडफोन घाला आणि दोन्ही तळव्यांनी कप अलगद डोक्याकडे दाबा. खर्ज एकदम भरून आला तर फट आहे. मग चष्मा काढून पुन्हा तेच करा. मी हे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाला करायला लावतो आणि निम्मे तरी चकित होतात.

यात एक मेख आहे. नॉइज कॅन्सलिंगवाल्या, म्हणजे बाहेरची घरघर खोडणाऱ्या, हेडफोनात कपाच्या आतही माइक असतो. कानाशी प्रत्यक्ष काय पोचतंय ते तो ऐकत राहतो, आणि वरच्या किमतीचे बरेचसे हेडफोन त्यावरून खालच्या सुरांची तूट काही प्रमाणात भरून काढतात. म्हणून ही परीक्षा नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून केली तर फरक कमी वाटेल, बंद करून केली तर जास्त. चष्मेवाल्यांना याचा खरा फायदा आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्सबीटी२ स्टुडिओतल्या प्रसिद्ध हेडफोनचा वायरलेस भाऊ आहे, पण त्यात नॉइज कॅन्सलिंग नाही, म्हणजे सांभाळून घेणारं कोणी नाही. ‘स्टुडिओवाले वापरतात’ म्हणून तो घेऊ नका.

काडीचा दुसरा त्रास दुखण्याचा. जाड प्लॅस्टिकची काडी असेल तर गादी तिला कानाच्या वर, हाडावर दाबत राहते. पहिली पंधरा मिनिटं काही कळत नाही. ठाण्यापर्यंत ठीक, घाटकोपरला टोचायला लागतं. लोक हेडफोन बदलतात. तीस हजाराच्या आसपास खर्च करायच्या आधी धातूच्या पातळ काडीची एक फ्रेम करून घ्या, हा माझा तुम्हाला पहिला सल्ला. आवाजही सुधारेल, कानही वाचेल.

वजनाचे आकडे सगळीकडे छापलेले असतात. सोनी आणि बोस अडीचशे ग्रॅमच्या आसपास, मोमेंटम ४ २९३, आणि एअरपॉड्स मॅक्स ३८५. हा शेवटचा आकडा खरंच अंगावर येतो. लोकलमध्ये उभं राहून खाली फोनकडे बघत असाल तर तो मान ओढतो. त्याची डोक्यावरची जाळी वजन छान पसरवते हे मान्य, पण वजन जात नाही, फक्त पसरतं. सोनीची डोक्यावरची पट्टी बारीक आहे आणि भार टाळूवर एका ठिकाणी येतो. माझ्या डोक्यावर आता केसांची गादी उरलेली नाही, त्यामुळे मला दोन तासांनी ती जागा बोटाने दाखवता येते. दाट केसवाल्यांना कदाचित कळणारही नाही. बोसची पट्टी मऊ आणि कपांचा दाब चौघांत सर्वांत हलका. चष्म्यावर घालायला मला तोच सोपा गेला. मोमेंटमचा दाब जरा जास्त आहे, आठवडाभराने सैलावतो.

दुकानात कोणी बघत नाही अशी एक गोष्ट म्हणजे कपाची खोली. कानाची पाळी आतल्या कापडाला टेकते का? टेकत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात ती गरम होऊन दुखणार. मोठ्या कानाच्या माणसाला मोमेंटमचा कप लहान पडू शकतो, हे स्वानुभवाने सांगतो.

उकाड्याचं काय ते तुम्हाला माहीत आहेच. या चारांपैकी तिघांच्या गाद्या कृत्रिम चामड्याच्या आहेत, एअरपॉड्स मॅक्सच्या जाळीच्या कापडाच्या. कृत्रिम चामडं म्हणजे बहुधा पॉलियुरेथेन, आणि दमट हवेत ते हळूहळू फुटतंच. माझ्या एका महागड्या हेडफोनची गादी दोन पावसाळ्यांत सोलली, कानावर काळे कपटे दिसायचे आणि बायको म्हणायची, आंघोळ करून या. मी ऑनलाइन स्वस्तातली जोडी मागवून बसवली. दिसायला हुबेहूब, पण फोम वेगळा, भोक लहान, आणि आवाजाचा तोल पार गेला. गादी हा आवाजाचाच भाग आहे. बदलायची तर मूळ कंपनीचीच बदला, आणि घेतानाच ती वेगळी मिळते का ते विचारून ठेवा. घामासाठी वरून कापडी खोळ घालतात तीही तशीच. आराम मिळतो, पण फट पडते.

आता आवाज. हे माझ्या कानाचं मत आहे, आणि कंपनीच्या ॲपमधले सगळे खेळ बंद करून, साध्या स्टीरिओत ऐकलेलं.

सोनी एक्सएम५ डब्यातून काढल्यावर उबदार, जरा जास्तच उबदार. शंभर-दोनशे हर्ट्झच्या भागात फुगवटा आहे. हिंदी गाण्याला तो गोड लागतो, पण ख्यालात डग्गा गायकाच्या गळ्यावर येऊन बसतो. विलंबितात तर प्रत्येक ‘धा’ला वाटतं कोणीतरी दार लावलं. सुदैवाने ॲपमध्ये आवाज बदलायला चांगली सोय आहे: ‘क्लिअर बेस’ची (खालचे सूर कमी-जास्त करणारी) सरकपट्टी दोन-तीन घरं खाली आणा, ४०० हर्ट्झची एक खाली, २.५ किलोहर्ट्झची एक वर. वेगळाच हेडफोन होतो. ज्यांना हे करायचा कंटाळा आहे त्यांनी तो घेऊ नये.

बोस अल्ट्राचा आवाज चकचकीत: खाली भरीव, वर चमकदार, मधला भाग किंचित मागे. तबल्याची चाट सुरेख वाजते, पण हार्मोनिअमचे तीव्र स्वर आणि बाईंचा तार सप्तक कधीकधी टोचतो. ॲपमध्ये खालचे-मधले-वरचे अशा तीनच पट्ट्या, त्यातली वरची थोडी उतरवली की पुरे. त्यात ‘इमर्सिव्ह’ नावाचा प्रकार आहे, समोर मंच असल्याचा भास देणारा. सिनेमाला ठीक. बैठकीत तबलजी खोलीभर फिरायला लागतो. बंद ठेवा.

मोमेंटम ४ मला स्वतःला आवडतो, हे आधी सांगून टाकतो म्हणजे माझा कल तुम्हाला कळेल. बेस त्याचाही वाढवलेलाच आहे, पण तो खाली राहतो, गळ्यात घुसत नाही. मींड घेताना गायक एका स्वरातून दुसऱ्यात कुठल्या वाटेने गेला ते दिसतं. दोन तंबोरे असतील तर ते दोन आहेत हे कळतं. पाच पट्ट्यांपैकी सगळ्यात खालची थोडी उतरवली की माझं काम झालं.

एअरपॉड्स मॅक्स गळ्याच्या बाबतीत चौघांत सर्वांत सरळ वाजतो. मुद्दाम लावलेला मसाला कमी. पण तुमचा फोन ॲण्ड्रॉइड आहे, आणि त्यातल्या अर्ध्या सोयी आयफोनशिवाय मिळत नाहीत. वजन वर सांगितलंच. यादीतून काढा.

नाट्यगीतांबद्दल एक. बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून आलेलं ध्वनिमुद्रण ऐकत असाल तर त्यात पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं जवळजवळ नसतंच. तिथे असते ती तबकडीची खरखर. चमकदार हेडफोन ती खरखर तेवढी पुढे आणतो आणि तुम्हाला वाटतं ‘स्पष्ट’ ऐकू येतंय. अशा गाण्यांसाठी वरची पट्टी उतरवलेला एक वेगळा प्रीसेट (ॲपमध्ये साठवलेली जुळणी) करून ठेवा. मधल्या भागात सरळ असलेला हेडफोन इथे बाजी मारतो, बाकीचं सगळं वाया.

याच कारणासाठी एलडीएसी आणि ॲपटीएक्स या ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या दोन पद्धतींच्या भांडणात फार पडू नका. सोनीत एलडीएसी आहे, बोस आणि सेनहायझरमध्ये ॲपटीएक्स ॲडॅप्टिव्ह, आयफोनला या दोन्हींचा उपयोग शून्य. एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण कुर्ल्याच्या पुलावर हजार ब्लूटूथच्या गर्दीत तो स्वतःच ३३० वर उतरतो किंवा तुटक वाजतो. शांत खोलीत काही ध्वनिमुद्रणांवर मला फरक कळतो. लोकलमध्ये कधीच कळलेला नाही. काडीची फट याच्या दसपट फरक करते.

आता लोकल. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून परतताना विमानातल्या घरघरीने वैतागले आणि हवेतच गणितं मांडायला बसले, तिथून या तंत्राची त्यांची खटपट सुरू झाली. वैमानिकांसाठी हेडसेट १९८९ मध्ये आला, सामान्यांसाठी क्वाएटकम्फर्ट २००० मध्ये. जन्मच विमानातला असल्याने हे तंत्र सलग, खालच्या घरघरीवर बेतलेलं आहे. बाहेरचा माइक आवाज टिपतो, हेडफोन त्याच्या उलटी लाट वाजवतो, दोन्ही एकमेकांना खातात. लाटा लांब असल्या की हे जमतं. हजार हर्ट्झच्या वर गेलं की वेळ गाठणं अवघड होतं, आणि तिथून पुढे रोखायचं काम गादी आणि कप यांचंच.

म्हणून डब्याची मोटार, चाकांची गडगड, पंखे हे जवळपास गायब होतात. हॉर्न, फेरीवाल्याची आरोळी, शेजारच्या काकांचा फोन हे राहतात. तुमच्या डब्यात भजनी मंडळ असेल तर ढोलकी अर्धी नाहीशी होईल आणि टाळ मात्र जसेच्या तसे. पहिल्यांदा ऐकताना फार विचित्र वाटतं, टाळ आहेत आणि भजनाला जमीनच नाही. बोस आणि सोनी या कामात पुढे आहेत, बोस किंचित जास्त. मोमेंटम त्यांच्या मागे, पण लोकलला पुरतो. २०२५ मध्ये आलेला सोनीचा एक्सएम६ पुन्हा घडी होणारा आहे. एक्सएम५ची घडी होत नाही, आणि गर्दीत बॅगेत मोठा चपटा डबा सांभाळायचा म्हणजे काय ते तुम्ही जाणता. दोन्हींची किंमत जवळ आली असेल तर नवा बघा.

काहींना नॉइज कॅन्सलिंगने कान दडपल्यासारखे वाटतात. खरा दाब काही वाढत नसतो. खालचे आवाज अचानक गेल्यामुळे मेंदू तसं समजतो. सवय होते, नाही झाली तर पातळी कमी करता येते. याचा मोठा फायदा मात्र कानाच्या तब्येतीचा. आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणं सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आहे, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. घरघर बुडवायला लोक आवाज वाढवतात. घरघरच गेली की वाढवावा लागत नाही. रोज सहा-सात तास म्हणजे तुम्ही आठवड्याच्या मर्यादेच्या जवळच राहणार आहात, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका.

बॅटरीबद्दल एवढंच: मोमेंटम ६० तास, सोनी ३०, बोस २४. तुमच्या वापराला बोस तीन दिवसांनी चार्जिंगला लावावा लागेल. लावायचा.

मीटिंगांसाठी एक युक्ती, कारण याचीच तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ दुसऱ्या रीतीवर जातो आणि ऐकू येणारा आवाजही जुन्या टेलिफोनसारखा होतो. लोकांना वाटतं हेडफोन बिघडला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा. आवाज चांगला राहतो. गलका असेल तेव्हाच हेडफोनचा माइक वापरा.

दुकानात तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. एखादा डेसिबल मोठा वाजला तरी तोच ‘जास्त चांगला’ वाटतो. माझीही यातून सुटका नाही, म्हणून स्टुडिओत आम्ही मोजूनच लावतो. तुम्ही एकट्या गळ्याचा, साथ कमी असलेला आलाप लावा आणि गायक दोन्हींत तेवढ्याच अंतरावर बसलाय असं वाटेपर्यंत पातळी जुळवा. विक्रेता लावेल ते ढणढणतं गाणं नम्रपणे थांबवा. आणि निदान अर्धा तास घालून बसा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे.

तर माझं मत. पातळ काडीचा चष्मा लावून आधी मोमेंटम घाला. अर्ध्या तासात पाळी कापडाला टेकली नाही आणि तळव्याने दाबल्यावर खर्ज फारसा वाढला नाही, तर तोच घ्या. तुमच्या गाण्याला तो सगळ्यात जवळचा आहे. पाळी टेकली किंवा दाब जाचला तर मन घट्ट करून बोस घ्या. जो हेडफोन घाटकोपरला काढून गळ्यात अडकवावा लागतो त्याच्या मींडेचं काय करायचं? सोनी तिसरा, तोही ॲपमध्ये बसायची तयारी असेल तर.

राहिली मुलगी. तंबोरा किंवा ठेका लावून गायला ब्लूटूथ चालतो. आवाज थोडा उशिरा पोचतो खरा, पण ती जो ठेका ऐकेल त्यालाच गाणार, त्यामुळे तिला काही जाणवणार नाही. अडचण तिने फोनवर स्वतःला रेकॉर्ड करायला घेतलं की येते. ठेका कानात उशिरा, गळा त्याच्यामागे, आणि रेकॉर्डिंगमध्ये समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) दरवेळी चुकलेली दिसेल, बिचारीचा दोष नसताना. दुसरं म्हणजे दोन्ही कान बंद करून गाताना स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि मुलं सूर चढवतात किंवा उतरवतात. तिला तुमचा देऊ नका. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चालत आलेला वायरचा हेडफोन याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो. एक कप कानावर आणि दुसरा कानामागे सरकवून गायला सांगा. आमच्याकडे गायला येणारे बहुतेक जण तसंच करतात.